दाजींनी रद्द केलेल्या फेऱ्या

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि दोघांची झोप हे सगळं ठीक आहे असं धरून पुढे लिहितो. ठीक नसेल तर आधी गुडघ्यांकडे बघ आणि पत्र सावकाश वाच. यात तातडीचं काही नाही.

ताजी बातमी आधी, कारण आयुष्य बातम्यांच्या टेबलावर गेल्यामुळे मला दुसऱ्या क्रमाने लिहिताच येत नाही. शेपट्या परत आल्या आहेत. दोन्ही, पूर्ण लांबीच्या, आणि हलताहेत. या वृत्ताला तुझ्या लेकीच्या, म्हणजे आपल्या टिटवीच्या, बाईंनी आज दुपारी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावून दुजोरा दिला. (बाई म्हणजे तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक. त्या सहसा कशालाच दुजोरा देत नाहीत. मी एकदा सहज ‘आज उकडतंय’ म्हणालो, तर ‘कशाच्या तुलनेत?’ असं विचारलं त्यांनी.) आज त्यांनी बघितलं, ‘हं’ म्हणाल्या आणि चष्मा चढवून निघून गेल्या. त्या गेल्यावर टिटवी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला पाठ टेकून जरा वेळ उभी राहिली. त्यावरून बातमी मोठी आहे हे मी ओळखलं.

आता कसल्या शेपट्या, असं तू विचारशील. परवा फोनवर तू दबक्या आवाजात म्हणालीस, की हे इकडून ठरल्याच्या आधीच कसे परत आले, आल्यापासून गप्प का आहेत आणि गाडीची शिट्टी ऐकूनही घड्याळाकडे का बघत नाहीत. मला उत्तर माहीत होतं, पण तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि दाजी कायम फोनच्या मागे असतात. म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर उद्या सकाळी तुमच्याच गावी निघालेत, त्यांच्या हाती देतो. (ते तुझ्या दातांची चौकशी करतील. करू दे. फक्त तोंड उघडू नकोस.)

तर टिटवी ज्यांच्यावर गेली काही वर्षं काम करते आहे त्या पेशी डबक्याच्या पाण्यात राहणाऱ्या, हिरव्या, एकेकट्या. एकटी पेशी डोळ्यांना दिसत नाही. अमाप झाल्या की पाणी हिरवं दिसतं, एवढंच आपल्या वाट्याला येतं. प्रत्येकीला दोन शेपट्या असतात, त्या मारत ती पोहते. पुस्तकात त्यांना कशाभिका म्हणतात. मी शेपट्याच म्हणणार, कारण कशाभिका हा शब्द मला कोणी मथळ्यात घेऊ दिला नसता. या शेपट्या अंगाच्या पुढच्या बाजूला असतात. दाजींनी पहिला आक्षेप इथेच घेतला: ‘‘पुढे असेल तर ती शेपटी कसली?’’ टिटवी म्हणाली, ‘‘बाबा, मागून इंजिन लावलेली गाडी तुम्ही कधी सोडली नाही का?’’ त्यावर दाजी इतके खूश झाले की काही विचारू नकोस. पुढचं सगळं रामायण त्या खुशीतून निघालं.

असल्याच बारीक केसांची लव आपल्या श्वासनळीतही असते आणि ती कफ वर लोटत असते. मूत्रपिंडात असते, डोळ्याच्या आत असते. (आणखी एका ठिकाणी शेपटी असते. ते टिटवी आम्हा दोघांना समजावत होती तेव्हा मी खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत होतो आणि दाजी बुटाची नाडी बांधत होते. त्यांच्या बुटांना नाड्या नाहीत.) ही शेपटी नीट बनली नाही तर माणसाचं काय काय बिघडतं ते ऐकून मी घरी आल्यावर दोन वेळा खोकून बघितलं.

मुद्द्याची गोष्ट अशी, की शेपटीच्या आत स्वतःचं काहीच तयार होत नाही. लागणारी सगळी प्रथिनं खाली पेशीच्या अंगात बनतात आणि तिथून शेंड्यापर्यंत वाहून न्यावी लागतात. शेपटीच्या बुडाशी एक यार्ड आहे. तिथे गाडी जुळते, माल चढतो, मग एक फाटक आहे, ते ओलांडून गाडी शेपटीत शिरते आणि शेंड्याला जाऊन माल उतरवते. (गाडी हा शब्द माझा नाही. शास्त्रज्ञ तिला खरोखरच गाडी म्हणतात. मी उपमा देत नाही, तुला माहीत आहे. उपमा मी इतरांच्या खोडत आलो.) वर नेणारं इंजिन वेगळं आणि खाली आणणारं वेगळं. त्यांची नावं किनेसिन आणि डायनिन, जी मला अजूनही जेवणानंतर घ्यायच्या गोळ्यांची वाटतात. खाली आणणारं इंजिन वर जाताना मालासारखं गाडीवर लादून नेतात. आणि वर नेणारं इंजिन शेंड्याला पोचलं की सुटतं आणि आपलं आपण भरकटत खाली येतं. दाजींना हे अजिबात पटलं नाही. ‘‘म्हणजे ड्रायव्हरला परतीचा पास नाही? युनियन काय करते?’’ मात्र जायचा रूळ वेगळा आणि यायचा वेगळा हे कळल्यावर त्यांचा आवाज जरा ओला झाला. ताई, तू पाहिलं आहेस, त्या माणसाची सगळी नोकरी कंट्रोलच्या खोलीत एकेरी मार्गावरच्या गाड्या एकमेकींना चुकवण्यात गेली. इथे केसाच्या कितीतरी पटींनी बारीक शेपटीत दुहेरी मार्ग! ‘‘आणि आम्ही मागत होतो तर जागा नाही म्हणत होते,’’ असं ते मला लिफ्टमध्ये म्हणाले.

तरी इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडायला सुरुवात झाली ती कागदावरच्या रेघांपासून. टिटवीने अशी तजवीज केली आहे की मायक्रोस्कोपखाली तिच्या गाड्या चमकतात. त्यांचं चित्रण करून ती एक आकृती काढते: एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला अंतर. वर जाणाऱ्या गाडीची रेघ तिरकी वर जाते, परतीची तिरकी खाली येते. दाजींनी ती आकृती भिंतीवर बघितली आणि एकदम थांबले. ‘‘ही तर कंट्रोल शीट आहे,’’ ते म्हणाले. ‘‘आम्ही रोज हीच काढत होतो. इथला कंट्रोलर कोण?’’ कोणी नाही, असं टिटवीने सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. एवढी वाहतूक, दोन्ही दिशांची, आणि कंट्रोलर नाही? ते सरळ उठून बाईंनाच विचारून आले. बाई म्हणाल्या, आम्हीही तेच शोधतोय. दाजींना वाटलं, जागा रिकामी आहे.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज प्रयोगशाळेत जाऊ लागले. मीही जायचो, कारण घरात एकटं बसून काय करणार, आणि तिथल्या व्हरांड्यात उजेड चांगला आहे. मी पेपर वाचत चुका शोधायचो आणि आत दाजी कानाला पेन्सिल लावून आकृत्या बघत बसायचे. ही गाडी रखडली, ही फारच जोरात सोडली, या दोघींत अंतर कमी ठेवलंय, असे शेरे चालायचे. खरं सांगायचं तर टिटवीला ते आवडत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘‘हे माझे बाबा, हे रेल्वेत होते,’’ असं ती सांगायची. इतक्या वर्षांत ‘तू नक्की करतेस काय’ याच्या पलीकडे त्यांचं तिच्या कामाबद्दल बोलणं झालं नव्हतं, ते आता डबा खातानाही संपत नव्हतं.

अशा एका डब्याच्या वेळी दाजींनी विचारलं, गाड्यांमध्ये माल किती असतो. टिटवी म्हणाली, शेपटी वाढत असते तेव्हा गाड्या भरून जातात, पण एकदा पूर्ण वाढली की बहुतेक गाड्या रिकाम्याच जातात, तरी त्या तशाच जात राहतात, कारण शेंडा सारखा झडत असतो आणि तो भरून काढावाच लागतो. आता ताई, हे वाक्य लांब आहे. तुझ्या यजमानांची वाक्य ऐकायची पद्धत तुला माहीत आहे. ‘रिकाम्याच जातात’ इथे त्यांचे कान बंद झाले. रिकामी गाडी म्हटलं की दाजींचं काय होतं ते मी पहिल्यांदाच पाहिलं. घास हातात तसाच राहिला. ‘‘सगळं बांधकाम झालंय, माल नाही, आणि दिवसरात्र फेऱ्या चालू? कोणी विचारतंय की नाही?’’ टिटवी हसली. मीही हसलो. हसायला नको होतं.

टिटवीने निवडलेली पेशींची जात जरा खास आहे. तिचं वर नेणारं इंजिन उष्णतेला नाजूक आहे. गारव्यात ठेवलं तर बिनतक्रार धावतं, कपाटाचा आकडा वर नेला की बंद पडतं. (कपाट म्हणजे पेशींच्या बाटल्या ठेवायचं थंड कपाट, दारावर आकडा फिरवायचं बटण आहे.) हवं तेव्हा गाड्या थांबवता याव्यात म्हणूनच तिने ही जात घेतली, आणि हे तिने बापाला मोठ्या कौतुकाने दाखवूनही ठेवलं होतं. एक दिवस ती बाईंकडे बैठकीला गेली. मी व्हरांड्यात होतो. दाजींनी आकडा वर नेला.

त्यांच्या बाजूने सांगायचं तर त्यांनी पुढे तपासणीही केली. थोड्या वेळाने एक थेंब काढून, लेकीने शिकवला होता तसा काचेवर ठेवून बघितला. शेपट्या जागच्या जागी. गाड्या बंद, शेपट्या शाबूत, म्हणजे फेऱ्या फुकट होत्या हे सिद्ध झालं. इथे त्यांची घाई झाली एवढंच, कारण शेपटी काही तारेसारखी तुटून पडत नाही, हळूहळू आखडत जाते. पण दाजींना निकाल मिळाला होता. त्यांनी लिफ्टमनला सांगितलं की आज मोठी बचत केली. संध्याकाळी पोटभर जेवले. मला म्हणाले, ‘‘पोरीला उद्या गंमत सांगतो.’’

सकाळी ती आमच्या आधी पोचली होती. आम्ही गेलो तेव्हा विजेचा माणूस कपाटामागे वाकलेला होता आणि ती बाटल्यांसमोर उभी होती. वर स्वच्छ पाणी, तळाशी हिरवा गाळ. पोहायला काही उरलंच नव्हतं, सगळ्या खाली बसल्या होत्या. दाजी दारातूनच म्हणाले, ‘‘काय मग, शेपट्या आहेत ना जागेवर? कालपासून वरची वाहतूक बंद आहे. मुद्दामच बोललो नाही.’’

‘‘कोणी बंद केली?’’

‘‘आपणच. रिकाम्या फेऱ्या होत्या.’’

तिने एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. ‘‘झोपल्यात काय?’’

‘‘शेपट्या गेल्या, बाबा.’’

‘‘कुठे गेल्या?’’

‘‘आत.’’

विजेचा माणूस उठून उभा राहिला, आपली अवजारं गोळा केली आणि कोणाकडेही न बघता बाहेर गेला. शहाणा माणूस. टिटवी ओरडली असती तर बरं झालं असतं. दाजींना ओरडून घ्यायची सवय आहे, सगळी नोकरी त्यांनी स्टेशनमास्तरांचं ओरडणं ऐकत काढली. ती ओरडली नाही. त्यांनी विचारलं, ‘‘मी काही करू का?’’ ती म्हणाली, ‘‘आज नको, बाबा.’’ ते खुर्चीत बसले, उठले, पेन्सिल कानावरून काढून टेबलावर ठेवली. दुपारच्या गाडीने ते तुमच्याकडे निघाले. मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी उशिरा आली आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलंही नाही, तेव्हाच मी समजलो की त्यांना लागलं आहे.

आता यात पणाला काय होतं ते सांगतो, कारण ते त्यांना त्या दिवशी नीट माहीत नव्हतं आणि मला वाटतं अजूनही नाही. येत्या शुक्रवारी बाहेरचे परीक्षक येणार आहेत. त्यांच्यासमोर टिटवीला जिवंत पेशीत गाड्या धावताना दाखवायच्या आहेत. नुसत्या जुन्या आकृत्यांवर ते ऐकणार नाहीत असं त्यांनी आधीच कळवलंय. ते जमलं नाही तर पदवी पुढच्या वर्षावर गेली, आणि पदवी गेली की दुसऱ्या शहरातली ती नोकरीही गेली, जिच्याबद्दल तू सगळ्या बिल्डिंगला सांगून बसली आहेस.

एरवी कपाट गार केलं की काही तासांत शेपट्या पुन्हा फुटतात. पण या सगळ्या तळाशी एकमेकींवर पडून होत्या, बऱ्याच गुदमरून मेल्या, उरलेल्या तापातून उठल्यासारख्या. बाईंना कळवणं भाग होतं. बाई आल्या, गाळ बघितला, हकीकत ऐकली आणि म्हणाल्या की तुझ्या वडिलांनी लावलेला शोध तुझ्या जन्माच्याही आधी लागलेला आहे, आणि ज्यांनी तो लावला त्यांनी तुलना करायला एक बाटली गार ठेवली होती. मग म्हणाल्या, राखीव पेशी कुठे आहेत? टिटवी म्हणाली, त्याच कपाटात. यानंतर बाई जे बोलल्या ते मी व्हरांड्यात असूनही स्वच्छ ऐकलं, आणि त्यात दाजींचा उल्लेख अजिबात नव्हता. राखीव माल वेगळ्या कपाटात ठेवायचा हे म्हणे पहिल्याच वर्षी शिकवतात. त्या दिवसापासून टिटवीचा बापावरचा राग बराच उतरला, पण ते फोन करून सांगणं तिला जमेना. तो स्वभाव कोणाकडून आला यावर मी मत देत नाही. दोघंही उमेदवार तुझ्याच घरात आहेत.

मग रोजचं एक काम सुरू झालं. या पेशींना उजेडाची ओढ असते. बाटलीच्या एका बाजूला दिवा लावायचा, ज्या पोहत उजेडाकडे येतील तेवढ्याच अलगद काढून ताज्या पाण्यात सोडायच्या, बाकीच्या सोडून द्यायच्या. पहिल्या दिवशी आल्या त्यांच्या शेपट्या म्हणजे नुसते खुंट होते, त्या जागेवरच थरथरत होत्या. नंतर थोड्या वाढल्या. यात एक गोष्ट मला फार आवडली. दोन शेपट्यांपैकी एक तुटली तर दुसरी आपण होऊन आखूड होते, तुटलेलीला माल मिळू देते, आणि दोघी सारख्या झाल्या की मग बरोबरीने वाढतात. (आपल्या चारही भावंडांत असं कोणी केल्याचं मला आठवत नाही. तू केलंस असं तू म्हणशील. असो.) मी दिवा धरायचो. टिटवी पेशी वेचताना आपल्याशीच पुटपुटायची: ‘‘रिकाम्या म्हणे! रिकाम्या असल्या म्हणून काय झालं? जायला नको?’’ समोर मी होतो, पण भांडण माझ्याशी नव्हतं.

आणि आज दुपारी दुजोरा मिळाला. गाड्या धावताहेत, रेघा तिरक्या आणि स्वच्छ आहेत. शुक्रवारपर्यंत असंच राहिलं तर परीक्षकांना दाखवता येईल.

तेव्हा ताई, सगळं सुरळीत आहे. दाजींना यातलं तुला योग्य वाटेल तेवढं सांग. त्यांना मुद्दाम इकडे पाठवायची मात्र काहीही गरज नाही. प्रवासाची दगदग, त्यात खोकला. आमचं उत्तम चाललं आहे.

तुझा,
धाकटा

ता.क. वर ‘उत्तम चाललं आहे’ असं लिहिलं ते पत्राच्या रीतीला धरून लिहिलं. अक्षर वाकडं दिसत असेल तर ते वयाचं नव्हे, थंडीचं. हे पत्र मी त्या कपाटासमोर खुर्चीवर बसून लिहितो आहे. टिटवीने मला इथे पहाऱ्याला बसवलं आहे, कोणीही आकड्याला हात लावू नये म्हणून. या खोलीत एसी दिवसरात्र चालू, व्हरांड्याचा उजेड नाही, पेपर वाचता येत नाही, आणि साफसफाईवाल्या मावशी जाता-येता ‘अजून इथेच?’ विचारतात. शुक्रवारपर्यंत मी गोठून जाईन. दाजी मोकळे असतील तर त्यांना बुधवारी पाठव. मी टिटवीला विचारून घेतलं आहे. तिचं म्हणणं असं, की एकदा ज्याने आकडा फिरवला तो आता जन्मात पुन्हा त्याला हात लावणार नाही. माझी मात्र तिला खात्री देता येत नाही.

ता.क. २. हे दाजींसाठी, कारण ते तुझ्या खांद्यावरून वाचत असणार. दाजी, तुमच्या लेकीला एक अडचण आहे. तिच्या आजच्या आकृतीत एक गाडी शेंड्याकडे जाताना मध्येच थांबली आहे आणि काही वेळाने पुन्हा सुटली आहे. पुढे रूळ मोकळा, समोरून कोणी येत नाही. असं का व्हावं, कंट्रोलर अशा वेळी काय काय गृहीत धरतो, हे तिला तुम्हाला विचारायचं आहे. मी म्हटलं, फोन कर. ती म्हणाली, फोनवर नाही सांगता येणार, शीट समोर हवी.

ता.क. ३. हे फक्त ताईसाठी. दाजींना पान उलटू देऊ नकोस. त्या थांबलेल्या गाडीचं कारण तिला ठाऊक आहे. बाईंनी सांगितलंय आणि तिने ते प्रबंधात टाइपही केलंय, मी स्वतः वाचलं, दोन चुका काढून दिल्या. तरी बुधवारी संध्याकाळी ती दाजींना घ्यायला स्टेशनवर जाणार असं दिसतं. गाडी उशिरा येईल अशी अपेक्षा आहे. का उशीर झाला ते दाजी तिला पहिल्या स्टेशनापासून सांगतील, आणि ती यावेळी शेवटपर्यंत ऐकून घेईल असं तिने स्वतःच मला सांगितलं आहे.